फ्लॉपीला कुंकू

यंत्रावर अपार विश्वास आणि यंत्राबद्दल अपार गैरसमज, या दोन गोष्टी एकाच डोक्यात सुखाने नांदवणारा माणूस माझ्या धुळ्याच्या साडूंखेरीज अख्ख्या खानदेशात दुसरा झाला असेल, असं मला वाटत नाही. त्यांच्या मते यंत्र कधी बिघडतच नाही, ते नाराज होतं. शिलाई मशीन, पाण्याची मोटर, भिंतीवरचं घड्याळ आणि पुढे पुढे कॉम्प्युटर, ही सगळी मानी घराण्यातली मंडळी असून त्यांचा कुणीतरी अपमान केलेला असतो, आणि तो कुणी केला हे शोधून काढलं की अर्धी दुरुस्ती झाली, असा त्यांचा सिद्धांत. त्यामुळे पेचकस हातात घेण्याआधी ते यंत्राकडे ढुंकूनही बघत नसत. आधी आजूबाजूच्या माणसांना समोर बसवून विचारत, "काल इथे काय बदललं?"

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. देवपुरात त्यांची टायपिंग इन्स्टिट्यूट होती. घरातले आणि गावातले सगळेच त्यांना नाना म्हणत, मीही म्हणायचो. मी जळगावला कॉम्प्युटर विकणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या एका दुकानात होतो. धरणगावच्या पुढे आमचं गाव. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. बी.एस्सी. झालो, फिजिक्स घेऊन झालो, आणि ही गोष्ट मी कुणाला सांगायला विसरत नाही, कारण तिच्यासाठी माझ्या बापाने काय सोसलं ते मला माहीत आहे. नानांनाही मी पहिल्याच भेटीत सांगितली होती. तेव्हापासून त्यांनी मला नावाने हाक मारणंच बंद केलं. दारात पाऊल टाकलं की खुर्चीतूनच ओरडत, "या, ग्रॅज्युएट!" त्यात टोमणा किती आणि कौतुक किती, याचा हिशेब मला कधी लागला नाही. स्वतः ते मॅट्रिक. पण कमीपणा वगैरे त्यांच्या स्वभावात नव्हता. आपल्याला सगळं कळतं, याबद्दल त्यांची खात्री होती, आणि ती अनुभवाने कधीच डळमळली नाही.

चौकशीची त्यांची पद्धत मी एकदा प्रत्यक्ष पाहिली. धुळ्याच्या मार्केट यार्डात एका कापूस व्यापाऱ्याकडे दोन कॉम्प्युटर तारेने जोडलेले होते आणि दोन दिवसांपासून एकाला दुसरा दिसत नव्हता. दुकानातर्फे मी गेलो. व्यापारी ओळखीचा म्हणून नानाही बरोबर आले. मी खाली बसून कॉम्प्युटरचा डबा उघडला, आणि नानांनी दोन्ही टेबलांवरच्या कारकुनांना पुढे बोलावलं. थोड्याच वेळात त्यांनी शोध लावला, की या दोघांचंच आपसात बोलणं बंद आहे. एकाच्या मुलीच्या लग्नात दुसऱ्याला मानाची टॉवेल-टोपी दिली गेली नव्हती, इतकंच कारण. "मग यंत्रं कशी बोलतील? त्यांच्यासमोर रोज हेच चालतं ना!" असं म्हणून नानांनी दोघांना समजावलं, दटावलं, शेवटी गळाभेट घडवली. चहा झाला. डोळे पुसून झाले. नेटवर्क मेलं ते मेलंच होतं. आतलं कार्ड जळालं होतं, ते मी बदललं तेव्हा चालू झालं. पण त्या दुकानात आजही कुणाला विचाराल तर कॉम्प्युटर नानांनी दुरुस्त केला असंच सांगतील, आणि त्या दोन कारकुनांपुढे मी काही वाद घालायला जाणार नाही.

त्यांचे फोन हा वेगळा अध्याय. स्क्रीनवर काही चूक दाखवली गेली की नाना देवपूरच्या एसटीडी बूथवरून जळगावला फोन लावत. ती चूक इंग्रजीत असायची. नाना ती वाटेतच मराठी करून टाकत.

"ग्रॅज्युएट, यंत्र म्हणतंय, की आपण ज्यांना शोधताय ते गृहस्थ या पत्त्यावर राहत नाहीत."

"नाना, तसं नसेल लिहिलेलं. इंग्रजीत काय आहे ते जसंच्या तसं सांगा."

"इंग्रजीत ते फार उर्मट वाटतं."

"वाटू द्या. अक्षरं सांगा."

"अहो, पण मथितार्थ हाच आहे ना?"

मग मी डोळे मिटून, कोणते गृहस्थ, कोणता पत्ता, याचा अंदाज बांधत बसायचो. एकदा ते म्हणाले, यंत्राला कुणीतरी सांगितलंय की तुझा दुभाषी म्हातारा झाला. तेव्हा मात्र मी खूश झालो, कारण ड्रायव्हर जुना पडला आहे हे याहून सोप्या भाषेत मलाही सांगता आलं नसतं. कॉम्प्युटरची भाषा वेगळी, आत बसवलेल्या कार्डाची वेगळी. दोघांच्या मध्ये बसून याचं त्याला समजावणारा जो छोटासा प्रोग्रॅम, तो ड्रायव्हर. तो फ्लॉपीवर यायचा. फ्लॉपी गेली की दुभाषी गेला, आणि कार्ड कितीही चांगलं असलं तरी मुकं झालं.

खरं तर समजावून सांगण्यात नानांचा हात धरणारा मी पाहिला नाही. एका मशीनमध्ये त्यांनी हौसेने फॅक्सचं कार्ड बसवलं आणि लगेच नेटवर्कचं कार्ड बंद पडलं. दोन्ही कार्डांनी आत एकच नंबर धरला होता. मी इन्स्टिट्यूटमधल्या पोरींना हे फिजिक्सच्या वळणाने समजावायला लागलो, आणि त्यांच्या चेहऱ्यांवर परीक्षेच्या आदल्या दिवशीची कळा आली. नाना मागून म्हणाले, "अगं, शिरपूरच्या गाडीला खिडकीतून रुमाल टाकता ना जागा धरायला? एकाच जागेवर दोघींनी रुमाल टाकला. आता दोघी भांडताहेत आणि कंडक्टर कुणालाच तिकीट देत नाही. एकीला उठवून मागच्या सीटवर बसवा." मी नंबर बदलला, दोन्ही कार्डं चालू झाली. पोरी हसल्या. त्यातली एक पुढे शिक्षिका झाली, आणि ती आजही हे रुमालानेच शिकवते.

कॉम्प्युटर नानांनी घेतले ते आनंदाने नव्हे. टायपिंगला पोरं येईनाशी झाली होती. नदीपलीकडे काचेच्या दाराचा, थंडगार हवेचा नवा कॉम्प्युटर क्लास निघाला होता आणि गावातली पोरं तिकडे वळली होती. नानांकडे उरल्या त्या आसपासच्या खेड्यांतून एसटीने येणाऱ्या मुली. त्यांच्या बापांनी पोरी क्लासला घातल्या नव्हत्या, नानांच्या हवाली केल्या होत्या. "नानांकडे जा, नाहीतर घरी बस," इतका साधा मामला. सरकारी कॉम्प्युटर परीक्षेला आपल्याकडून मुली बसवायच्या तर नानांना मंजुरी हवी होती, आणि मंजुरीसाठी चार कॉम्प्युटर एकमेकांना जोडलेले, चालू स्थितीत दाखवायचे होते. ते चालले नाहीत तर इन्स्टिट्यूट बंद. नाना पोटापुरतं कुठेही कमावू शकले असते. पण त्या मुलींपैकी एकही पूल ओलांडून काचेच्या दारात जाणार नव्हती, हे त्यांना आणि मला, दोघांनाही ठाऊक होतं. त्या घरीच बसणार होत्या.

चार मशीन मीच बसवून दिली. नेटवर्कची कार्डं स्वस्तातली होती, मुंबईहून आलेली, डब्यावर धड नावही नव्हतं. चारींना मिळून ड्रायव्हरची एकच फ्लॉपी. ती नानांच्या हातात देताना मी म्हटलं, "नाना, ही जिवापलीकडे जपा. आणि एक नक्कल काढून ठेवा." त्यांनी नक्कल काढली. जिवापलीकडे जपलंही. पुढचं सगळं रामायण त्या जपण्यातूनच घडलं.

अधिकारी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी येणार असं कळलं होतं. त्याआधी आली खंडेनवमी. खंडेनवमीला ज्याचं त्याचं हत्यार पुजायचं, हे काही मी सांगायला नको. शेतकरी नांगर पुजतो, न्हावी वस्तरा पुजतो. नाना दरवर्षी टायपरायटर पुजायचे, आणि तेही वरवर नाही. प्रत्येक मशीन खोलायचं, खिळा न् खिळा रॉकेलने पुसायचा, तेल द्यायचं, परत जोडायचं आणि मग हळद-कुंकू. या वर्षी तोच मान त्यांनी कॉम्प्युटरांना दिला. चारी डबे उघडले, सगळी कार्डं बाहेर काढली, मऊ फडक्याने पुसली आणि परत बसवली. कोणतं कार्ड कोणत्या खाचेत होतं, याला त्यांच्या लेखी महत्त्व नव्हतं. पाट बदलला म्हणून जेवणारा बदलतो का? पण त्या वेळच्या कॉम्प्युटरांना तेवढी अक्कल नव्हती. कार्ड नव्या खाचेत दिसलं की त्यांना वाटे पाहुणा नवीन आहे, आणि ते पुन्हा ड्रायव्हर मागत. दसऱ्याच्या सकाळी नानांनी चारी मशीन सुरू केली, आणि चारींनी एका सुरात फ्लॉपी मागितली.

नानांनी फ्लॉपी घातली. मशीन गुरगुरलं आणि म्हणालं, वाचता येत नाही. नक्कल घातली. तेच.

बूथवरून फोन आला, तेव्हा नाना काही मराठी करून सांगत नव्हते. त्यांचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता. इतर वेळी माझ्याशी जपून शुद्ध बोलणारा माणूस अहिराणीत एवढंच म्हणाला, "पाव्हणा, बठ्ठं गयं." सगळं गेलं.

मुंबईचा व्यापारी सणाचा दुकान बंद करून गेलेला. आमच्या दुकानात होत्या नव्हत्या तेवढ्या फ्लॉप्या पिशवीत भरून मी धुळ्याची गाडी पकडली. दुपारी पोचलो. त्या कार्डांना आमच्यातली एकही चालली नाही. मग मी नानांची मूळ फ्लॉपी हातात घेतली, पत्र्याची झडप बाजूला सरकवली, आणि पाहतच राहिलो. आतल्या काळ्या चकतीवर गंधाचं ओलं बोट ओढलेलं होतं आणि त्यावर ठसठशीत कुंकू. नकलेवरही तसंच.

"नाना, हे आत कसं गेलं?"

"आत कसं म्हणजे? मी झडप उघडून लावलं."

"झडप उघडून?"

"अहो, देवाच्या मखराला कुंकू लावतो का आपण? मूर्तीला लावतो. प्लास्टिक म्हणजे मखर. मूर्ती आत आहे, हे तुम्हीच सांगितलं होतं."

"आणि नकलेला कशाला लावलं?"

"आता घरातल्या दोघींपैकी एकीलाच लावायचं आणि दुसरीला नाही, हे बरं दिसतं का?"

मी तोंड उघडलं होतं. पण स्वयंपाकघराच्या दारातून अक्कांचा, म्हणजे माझ्या मेहुणीचा, आवाज आला. "कसाले वरडतस त्यासवर? बठ्ठा टाइपरायटरस्ले त्यासनीच कुंकू लावेल शे. एक बी रुसना नही आजपावत. पहिले जेवन करी ल्या, मंग त्या डबास्ना मांगे लागा."

उपाशी माणसाने यंत्राला हात लावायचा नाही, हा त्या घरचा कायदाच होता. खापरावरची पुरणपोळी, आमटी, वर तुपाची धार. नाना पानावर बसले, पण त्यांनी पोळी मोडली नाही. मी जेवता जेवता विचार करत होतो. फ्लॉपीचं कवच फोडलं तर आतली चकती सुटी निघते. ती स्वच्छ करून दुसऱ्या फ्लॉपीच्या कवचात बसवता येते, असं मी ऐकलं होतं. केलं कधीच नव्हतं. तसं मी स्पष्ट सांगितलं. म्हटलं, "ओरखडा उठला तर आहे तेही जाईल."

नाना म्हणाले, "आत्ता आहे ते काय आहे?"

स्पिरिटने चकतीचा मुलामा उडेल अशी मला भीती होती. नुसत्या पाण्याने गंध निघेना. तेव्हा अक्कांनी रिठ्याचं पाणी आणलं. देवांच्या चांदीच्या टाकांवरचं वर्षाचं कुंकू त्या त्यानेच काढत. मी कवचं फोडली आणि रिठ्याच्या पाण्याचं भांडं पुढे ओढलं. नाना म्हणाले, "द्या इकडे." टायपरायटरची बारीक अक्षरं सुईच्या टोकाने साफ करण्यात त्या बोटांचा जन्म गेला होता. कडेला धरून त्यांनी ती चकती रिठ्याच्या पाण्यात अशी फिरवली, जसं तान्ह्या पोराला न्हाऊ घालावं. कुंकवाचा लाल धागा पाण्यात उतरला. अक्का पदराने पुसायला पुढे आल्या, तेव्हा आम्ही दोघंही एकदम ओरडलो. शेवटी मलमलीच्या फडक्यावर दोन्ही चकत्या वाळत घातल्या, आणि आम्ही तिघं त्यांच्याभोवती बसून राहिलो. बाहेर लोक सोनं वाटत फिरत होते. कुणी दारात आलं की नाना बसल्या जागेवरून हात जोडत आणि म्हणत, "घरात जरा नाजूक चाललंय." लोक आवाज खाली करून परत जात.

नव्या कवचात मूळ चकती बसवली आणि मशीनमध्ये घातली. मशीन कण्हलं, अडखळलं, आणि एकेक फाईल यायला लागली. मग थांबलं. स्क्रीनवर त्या काळातला तो प्रसिद्ध प्रश्न आला. सोडून देऊ, पुन्हा बघू, की हरलो म्हणू?

"पुन्हा," नाना म्हणाले.

पुन्हा तेच आलं.

"पुन्हा."

"नाना, चकती घासली जाते अशाने."

"अहो, सोडून द्या आणि हरलो म्हणा, हे दोन सल्ले मला गावात फुकट मिळतात. दाबा पुन्हा."

ती फाईल आली नाही ती नाहीच आली. बाकी सगळ्या आल्या, नेमकी एक राहिली. तेवढ्यात माझ्या लक्षात आलं, की दोन फ्लॉप्यांवर कुंकवाचं बोट काही एकाच जागी पडलेलं नसणार. झडप उघडली की चकतीचा जो भाग समोर येईल तिथेच ते पडतं. म्हणजे मूळ फ्लॉपीने जे गिळलं ते नकलेकडे शाबूत असू शकेल. नक्कल घातली. तिच्या निम्म्या फाईली गेल्या होत्या. पण आम्हाला हवी असलेली एक, तेवढी एक, सुरसुरत आली. नानांनी डोळे मिटले. मग दोघींना कुंकू लावण्यामागे आपला काही विचार होता, अशा अर्थाचं काहीतरी ते बोलायला लागले, तेव्हा माणूस पूर्वपदावर आला हे मला कळलं. दिवेलागणीला चारी मशीन एकमेकांना दिसत होती. नाना मग स्वयंपाकघरात जाऊन गार झालेली पुरणपोळी उभ्यानेच जेवले.

दुसऱ्या दिवशी अधिकारी आले. पान खाल्लेले, सभ्य गृहस्थ. त्यांनी कोपऱ्यातल्या मशीनवर एका मुलीला पत्र लिहायला सांगितलं आणि म्हणाले, "आता हे त्या तिकडच्या प्रिंटरवर काढ." मुलीने बटण दाबलं. सगळे प्रिंटरकडे बघत होते. मी नानांकडे बघत होतो, आणि नाना त्या मुलीकडे. कागद बाहेर आला. गृहस्थांनी तो घडी करून खिशात टाकला आणि समोरच्या भिंतीकडे बोट केलं. तिथे टायपरायटरांची रांग होती, प्रत्येकावर झेंडूचं फूल.

"तेवढे हे हलवा. नियम आहे, कॉम्प्युटरच्या खोलीत फक्त कॉम्प्युटर. हलवले की मंजुरी आली समजा."

नाना म्हणाले, "हो, हो. हलवतो ना."

त्या शब्दांत जराही थांबणं नव्हतं. मला वाटलं होतं, ते वाद घालतील. शहाण्यासुरत्या माणसाशी वाद घालायची संधी त्यांनी कधी सोडली नव्हती.

मंजुरी आली. मुली परीक्षेला बसल्या, पासही झाल्या. दुसऱ्या वर्षी आणखी आल्या. पुढे मी एकदा दुकानाच्या कामाने धुळ्याला गेलो असताना भर दुपारी देवपुरात डोकावलो. सगळी मशीन चालू होती, मुली मान खाली घालून काम करत होत्या, आणि खोलीत पंख्याखेरीज कसलाही आवाज नव्हता. अक्का म्हणाल्या, पहिल्या आठवड्यात तर शेजारच्या बाई चौकशीला आल्या होत्या, घरात काही वाईट तर नाही ना झालं म्हणून. वर्षानुवर्षं टायपरायटरांच्या खडखडाटाबद्दल भांडत आलेल्या बाई.

नाना दाराशी खुर्ची टाकून बसले होते. पूर्वी ते मुलींकडे पाठ करून पेपर वाचत बसत, आणि पेपरातून डोकं न काढता म्हणत, "मागच्या कोपऱ्यातली, करंगळी चोरू नकोस." आता त्यांनी खुर्ची फिरवून आत तोंड करून ठेवली होती.

"काय ग्रॅज्युएट," मला बघून ते म्हणाले, पण नेहमीसारखे ओरडले नाहीत. मुलींना त्रास होऊ नये म्हणून असेल. "सगळं छान चाललंय. फक्त काय आहे, पोरी काम करताहेत की नाही हे आता वळून बघावं लागतं."

मी त्यांच्या शेजारी स्टूल ओढून बसलो. बराच वेळ आम्ही दोघं त्या मुलींच्या बोटांकडे बघत राहिलो.